रांगेतली लेस

लातूरला भावाकडे आले की रिक्षातून उतरण्याआधी माझी नजर गल्लीच्या कोपऱ्याकडे जाते. यंदा तिथे पुन्हा घागरींची रांग दिसली. रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं त्या उन्हाळ्यानंतर एवढी लांब रांग मी पाहिली नव्हती. निळ्या, पिवळ्या, पोपटी प्लास्टिकच्या घागरी, एकीच्या गळ्यातून दुसरीच्या गळ्यात ओवलेली सुतळी, मधेच एक वीट, एक तुटकी चप्पल, रंगाचा रिकामा डबा. माणूस एकही नाही. प्रत्येक वस्तू कुणाचा तरी नंबर धरून उन्हात उभी होती. टँकर यायला अवकाश होता.

भावाची सून मनीषा बाहेर आली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली की तुम्ही बसा आत्या, मी बघते सगळं. मी बसले. पिशवीतून दोरा आणि शटल काढलं, बोटांभोवती दोरा घेतला आणि कालची अर्धी राहिलेली लेस पुढे सुरू केली.

डाव्या पायातली ताकद लहानपणी एका तापात गेली. तेव्हापासून 'तू बस' हे माझं दुसरं नाव झालं आहे. लग्नात, मयतीत, शाळेच्या मैदानावर, शेताच्या बांधावर, कुठेही गेले तरी कुणीतरी लगबगीने सतरंजी नाहीतर खुर्ची आणतं आणि म्हणतं, तू बस. आता वय वाढलं म्हणून 'तुम्ही बसा' झालं, एवढाच फरक. चांगल्या मनाने म्हणतात. म्हणूनच त्याला उत्तर देता येत नाही.

बसणं काही वाईट नसतं, हे मी अनुभवाने सांगते. उभ्या माणसांना एकमेकांची तोंडं दिसतात, बसलेल्याला त्यांचे हात दिसतात. मी हात बघत मोठी झाले. भाकरी थापणारे, वाती वळणारे, शेवया करणारे, खाटेची नवार ओढून बसवणारे. जे दिसेल ते करून बघायचं मला व्यसनच लागलं. क्रोशाचे रुमाल केले, उशांच्या अभ्र्यांवर भरतकाम केलं, मण्यांची तोरणं ओवली, प्लास्टिकच्या वायरच्या पिशव्या विणल्या, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली. काही जमलं, काही फसलं. वायरची पहिली पिशवी एका अंगाने इतकी वाकडी झाली की तिच्यात फक्त वांगी राहत, बटाटे बाहेर पडत. पण फसलेल्या गोष्टीचीही मजा असते. उसवायला बसलं की ती कशी झाली होती हे कळतं. या सगळ्यांत लाडकी म्हणाल तर लेस. टॅटिंगची लेस. छोट्या होडीच्या आकाराचं शटल, त्यात गुंडाळलेला बारीक दोरा आणि गाठीमागून गाठ.

माझं काम पाहून लोक म्हणतात, देवाने पाय नेले पण हात दिले. मला हे कधी पटलं नाही. एक तर आमच्या घरात छप्पन्न सालापासून देव्हारा नाही, तरी लोक देवाच्या वतीने मला समजावत राहिले. दुसरं म्हणजे माझे हात कशाच्या बदल्यात आलेले नाहीत. मी पळणारी मुलगी असते तरी मला सुईदोरा आवडलाच असता. पळून दमून आल्यावर आवडला असता, इतकंच.

कोपऱ्यावरच्या घागरींकडे बघत हे सगळं मनात चाललं होतं. मग फार जुना, दुसराच एक उन्हाळा आठवला.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नव्या कचेरीत शिपायाची नोकरी मिळाली आणि आम्ही रेणापूर सोडून लातूरच्या कडेला दोन पत्र्याच्या खोल्यांत राहायला आलो. मी, माय, आबा आणि शाळेत जाणारा माझा भाऊ. गावभर पाट्या रंगवणं चाललं होतं. जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहायचं. काही पाट्यांवर घाईत पहिला हात पातळ बसला होता, तिथे नव्या नावाखालून जुनं नाव वर येऊन बघत असे. आबा संध्याकाळी घरी येऊन नवलाई सांगत. टेबलं आली, पंखे आले, साहेबांच्या खोलीला पडदे लागले. पाण्याचा माठ मात्र दुपारीच कोरडा पडतो, हेही सांगत. आदल्या वर्षी पाऊस तोंडाला पानं पुसून गेला होता. विहिरींचे तळ दिसत होते. जुनी माणसं बहात्तरच्या दुष्काळाशी तुलना करत आणि 'ह्यो तसा न्हाई' म्हणून स्वतःलाच धीर देत.

आमच्या वस्तीला टँकर येई. कधी येईल याचा नेम नसे. सकाळी येई, भर दुपारी येई, एखाद्या दिवशी येतच नसे. माय नव्या क्वार्टरांच्या बांधकामावर कामाला जाई, शेजारच्या बायकाही तिथेच. रांगेत घागरी लावून कामाला जावं तर मागून कुणीतरी घागर सरकवे. राखायला माणूस हवं होतं. माझ्यासारखं बसायला मोकळं माणूस वस्तीत दुसरं नव्हतं. मायने कडुलिंबाच्या झाडाखाली पोतं टाकलं आणि मला तिथे बसवलं.

दुष्काळाची आठवण काढून लोक हळहळतात. मला थोडं ओशाळून सांगावं लागतं की तो माझ्या आयुष्यातला फार सुखाचा उन्हाळा होता. घराच्या उंबऱ्यात बसणारी मी पहिल्यांदा रस्त्यावर बसले. जाणारी-येणारी प्रत्येक बाई माझ्याशी बोलायची. 'माजी घागर बग गं सुमन' म्हणून निघायची आणि परत येताना एखादी बातमी, नाहीतर मूठभर फुटाणे देऊन जायची. नंबरावरून भांडण झालं की निवाडा माझ्याकडे येई. एकदा टँकरवाल्याने गाडी उलट्या तोंडाने लावली, शेवटच्या घागरी पहिल्या झाल्या आणि हातघाईची वेळ आली. मी हातातली क्रोशाची सुई पुढे करून म्हटलं की गाडी फिरली तरी नंबर फिरत नसतात. बायकांनी ऐकलं. माझं बोलणं इतक्या जणींनी एकदम ऐकायची ती पहिलीच वेळ असावी.

हात रिकामे ठेवायचा प्रश्नच नव्हता. उन्हाची झळ झाडाखालीही येई. तळहात घामाने चिकट होत, दोरा पुढे सरकेना, मग बोटांना पावडर लावायची. लिंबाचा मोहोर टपटपत असे आणि त्याची बारीक फुलं विणीत अडकत. रिकाम्या घागरींवरून वारा गेला की त्या हलकासा घुमल्यासारखा आवाज करत. लांबून टँकरची घरघर आली की सगळी वस्ती एका दमात उठायची आणि मी सुई केसात खोवून प्रत्येकीला तिचा नंबर सांगायला लागायची. त्या उन्हाळ्यात केलेल्या माझ्या सगळ्या कामाचा रंग मातकट आहे. पांढरा दोरा घामाने आणि धुळीने तसा झाला. धुवायला पाणी कुठलं होतं? त्यातली एक पट्टी मी अजून तशीच ठेवली आहे. पुढे पाणी भरपूर मिळालं तरी ती धुवावीशी वाटली नाही.

जुबेदाखाला मला त्या रांगेतच भेटल्या. मागच्या गल्लीत राहत. वय झालेलं, गुडघे गेलेले, त्यामुळे माझ्या पोत्याचा अर्धा भाग त्यांनी न विचारता आपला मानला. त्या क्रोशाच्या नमाजाच्या टोप्या विणत. मध्यापासून सुरुवात, गोल गोल वाढवत जायचं, डोक्याएवढं झालं की वाढवणं थांबवून भिंत उभी करायची. त्यांचं विणकाम बघून मी टोपी शिकले आणि माझं भरतकाम बघून त्यांनी साखळी टाका घेतला. मग एक दिवस त्यांनी ओच्यातून शटल काढलं. तरुणपणी त्या एका मिशनच्या दवाखान्यात पुष्कळ दिवस पडून होत्या, तिथल्या नर्सने त्यांना टॅटिंग शिकवलं होतं. मला ती लेस इतकी आवडली की रात्री डोळे मिटले तरी त्या गोल कड्याच दिसत.

शटल मात्र एकच, खालांचं. बाजारात विचारलं तर दुकानदाराला वस्तूच कळेना. शेवटी मी पत्र्याच्या पेटीतून माझा जुना एक्स-रे काढला. पायाचं ऑपरेशन होईल का हे बघायला मला एकदा नांदेडला नेलं होतं, तेव्हाचा. उपयोग नाही असं सांगून डॉक्टरांनी तो आमच्याच हाती दिला होता. मायने तो जपून ठेवला होता, का ते तिलाच माहीत. मी त्याच्या दोन पात्या कापल्या, खालांनी मध्ये चपलेच्या रबराचा तुकडा चिकटवून दोऱ्याने आवळला. उजेडात धरलं की पातीत नडगीचं हाड दिसे. त्या पायाचा एवढा चांगला उपयोग झाल्याचं समाधान मला आजही आहे.

टॅटिंगमध्ये एकच गोष्ट अवघड असते. शटलच्या दोऱ्याने गाठ मारतो असं आपल्याला वाटतं, पण तशी पडली तर ती अडते, कडं ओढून बंद होत नाही. शटलचा दोरा ताणून सरळ धरायचा आणि बोटांवरचा दोरा सैल सोडायचा, मग गाठ उलटते आणि बोटांवरच्या दोऱ्याची त्याच्याभोवती बसते. हे सांगून कळत नाही. माझ्या किती गाठी अडल्या. खाला त्या कात्रीने कापून टाकत. एक दिवस झाडाखाली बसल्या बसल्या पटकन गाठ उलटली, दोरा ओढला आणि कडं सुळकन मिटलं. मी इतकी हसले की रांगेतल्या बायकांनी वळून बघितलं.

नांदेडची बातमी आबांनी कचेरीतून आणली. तिथे मुलींसाठी हस्तकलेचा वर्ग होता, वर्षभराचा. राहायला वसतिगृह. शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीला शाळेत शिवणकाम शिकवायची नोकरी मिळू शकत होती. आबांनी सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहून सांगितलं. त्यांच्या मनात काय आहे ते मला त्यावरूनच कळलं. मला जायचं होतं. आजवर काही हवं असं मी फारसं म्हटलं नव्हतं, हे मात्र हवं होतं. इतकं हवं होतं की त्याचा उच्चार करायची भीती वाटे.

आबा रजा टाकून नांदेडला जाऊन आले. माझं काम त्यांनी वर्गाच्या बाईंना दाखवलं, ती मातकट लेससुद्धा. बाईंना ते पसंत पडलं. वसतिगृहाचा नियम मात्र त्यांनी स्वच्छ सांगितला. अंगणात हापसा आहे, प्रत्येक मुलीने आपलं पाणी आपणच भरून खोलीत न्यायचं. कुणासाठी कुणी भरायचं नाही, त्यावरून मागे भांडणं झाली होती. आबांना ही गोष्ट मायपासून लपवता आली असती. त्यांनी लपवली नाही. जेवताना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

मायने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तिथं तुजं पानी कोन भरंल?" ती म्हणाली. "हितं मी हाय."

मला रडू आलं नाही, रागही आला नाही. प्रश्न बरोबर होता. त्या उन्हाळ्यात घरातलं माणूस किती पाणी आणतं आणि किती वापरतं हे न मोजताही सगळ्यांना ठाऊक असे. मी आणत नव्हते. दिवसभर काम करून आलेली माय डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेऊन यायची, आणि तिने आणलेल्या पाण्यातलं मी प्यायचे. कुणी मला कधी एका शब्दाने बोललं नव्हतं. मी आपणहून पाणी कमी प्यायला लागले होते. तांब्या उचलायचा, ओठ ओले करायचे आणि ठेवायचा. इतरांच्या घागरींची राखण करणारी मी स्वतः एक घागर उचलू शकत नव्हते, हे मला झाडाखालीही विसरता येत नसे.

उचलून का जमत नव्हतं, तेही सांगते. उजव्या काखेत कुबडी, तो हात गेला. डावा पाय टाकताना शरीर डावीकडे कलतं, त्या बाजूच्या हातात बादली धरली की ती पायावर आपटते आणि अर्धी सांडते. डोक्यावर घ्यावी तर डोकं स्थिर राहत नाही, कमरेवर घ्यावी तर कंबरच जाग्यावर नसते. हे सगळं करून बघितलेलं होतं. आणि त्या दिवसांत पाणी सांडणाऱ्या माणसाकडे लोक कसं बघत हे आज नळाला तोटी असलेल्यांना सांगून समजायचं नाही.

उपाय मला कुठे सुचला, तर घराच्या आढ्याकडे बघताना. रेणापूरहून येताना मायने तिचं शिंकं आणलं होतं. मांजरापासून दूधदही वाचवायला आढ्याला टांगतात ते दोरीचं जाळं. लातूरच्या घरात दूध नव्हतं, शिंकं रिकामंच लोंबत असे. मी दुपारी आडवी होऊन त्याच्याकडे बघत होते. चार दोऱ्या, थोड्या गाठी आणि बाकी सगळी भोकं, तरी त्यात भरलेलं मडकं राहतं. लेसही तशीच असते. मला वाटलं, हे जाळं आढ्याला टांगण्याऐवजी माझ्या पाठीला टांगलं तर?

आबांनी गावाकडून अंबाडीचा वाख आणला आणि दारात बसून दोरी वळून दिली. कशाला हवी हे त्यांनी विचारलं नाही. मी दुधाची एक जुनी झाकणाची किटली घेतली आणि तिच्या मापाचं शिंकं करायला बसले. पहिलं केलं ते मायच्या शिंक्यासारखं, चार दोऱ्यांचं. पाठीवर घेतलं तर किटली एका अंगाला घसरली आणि मला घेऊन खाली बसली. दुसऱ्याला खांद्यात घालायला दोन पट्टे केले, दप्तरासारखे. ते बरं झालं, पण ओझ्याने जाळं ताणलं जाऊन किटली माकडहाडाशी आपटायला लागली. तिसऱ्या खेपेला मी खालांच्या टोपीसारखी मध्यापासून सुरुवात केली. जाड दोरीचं एक कडं, त्याभोवती गोल गोल गाठी वाढवत बुडाएवढं झालं की वाढवणं थांबवून भिंत उभी केली. आता किटली जाळ्यात घट्ट बसली. खालांनी ते हातात घेऊन फिरवून बघितलं, बोट घालून गाठी तपासल्या.

"मटकेकू टोपी पिन्हाई गे तू," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिल्या.

हे करताना मला किती बरं वाटत होतं ते सांगायला हवं. नांदेडला जायचं होतं हे खरं, तरी जाळं विणताना मी नांदेड विसरून जायची. जाड दोरीच्या गाठीला बारीक दोऱ्याच्या गाठीचाच कायदा लागतो हे कळलं तेव्हा तर मला खुळ्यासारखा आनंद झाला. हातातलं काम पुढे सरकत असताना पाय कुठे आहे, कसा आहे, याची शुद्ध राहत नाही. ही सुटका नव्हे. सुटका दुःखातून करून घेतात. मला तेव्हा दुःख नव्हतंच, काम होतं.

सरावाला पाणी कुठून आणणार? मी बांधकामाच्या ढिगातली वाळू किटलीत भरली. दुपारी माय कामावर गेली की मी गल्लीत कुबडीवर फेऱ्या घालायची. आधी थोडी वाळू, मग जास्त. खांदे सोलून निघाले, मग पट्ट्यांना वाकळीचे तुकडे शिवले. वाळू घेऊन मी चांगली चालायला लागले आणि मला वाटलं की जमलं.

मग एके दिवशी पहाटेच टँकर आला. बांधकाम पाण्यावाचून बंद पडल्यामुळे माय घरीच होती, पण अजून तिकडे पोचायची होती. आमच्या नंबरावर मी होते आणि किटली माझ्या पोत्याखाली होती. भीतभीत मी ती अर्धीच भरली. ओझं कमी तर बरं, असा हिशेब. खालांनी पाठीवर चढवून दिली आणि मी निघाले. पहिल्या काही पावलांतच चूक कळली. वाळू बसून राहते, पाणी बसत नाही. मी डावीकडे कलले की ते डावीकडे धावे आणि मला आणखी ओढे, मी सावरले की उजवीकडे येऊन धक्का देई. मी भिंतीला धरून थांबले. झाकणाच्या फटीतून पाण्याचा ओघळ पाठीवर आला. तो गार लागला.

परत फिरले. रांगेतल्या बायका बघत होत्या, कुणी 'तू बस' म्हणायच्या आधी मी किटली पुन्हा नळीखाली धरली आणि या वेळी काठोकाठ भरली. आमच्याकडे बायका भरल्या घागरीत लिंबाचा डहाळा टाकतात, म्हणजे पाणी हिंदकळत नाही. मी एक छोटा डहाळा मोडून आत टाकला, झाकण दाबून बसवलं आणि खालांनी ती पुन्हा पाठीवर चढवून दिली. ओझं आता दुप्पट होतं. पण ते मुकाट होतं. भरलेल्या किटलीतल्या पाण्याला धावायला जागाच नव्हती. मी कलले की ते माझ्याबरोबर कलत होतं, मी सरळ झाले की सरळ होत होतं.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. मी नांदेडला गेले. वर्गात टॅटिंग कुणालाच येत नव्हतं, म्हणून शिकता शिकता शिकवायलाही लागले. हापशावर माझं शिंकं बघून मुलींना आधी हसू आलं आणि नंतर दोघीतिघींनी तसंच करून मागितलं. पुढे लोह्याला शाळेत लागले, मग किनवटला. तिथल्या वसतिगृहातल्या लमाण मुलींच्या आयांकडून आरशाचं भरतकाम शिकले आणि त्यांच्या पोरींना क्रोशा शिकवला. बऱ्यापैकी आयुष्य गेलं. आता दोन कुबड्या लागतात. खांद्यात जोर राहिला नाही, पाठीवर काही घेता येत नाही. बोटं मात्र चालतात. मनीषा पाणी भरून आणते आणि मी तिच्या लेकीच्या फ्रॉकला लेस करते, याचं मला आता काही वाटत नाही. माणसाने सगळ्याच वयात सगळंच करावं असं थोडंच आहे. जुबेदाखाला गेल्या, आबा गेले, मायही गेली. लातूरला नवा जिल्हा म्हणणारंही कुणी उरलं नाही.

पण घागरींची अशी रांग दिसली की मला नांदेड आठवत नाही, नोकरी आठवत नाही. ती पहाट आठवते.

मी घराकडे निघाले होते आणि माय डोक्यावर रिकामी घागर घेऊन समोरून येत होती. गल्लीच्या मध्यावर तिने मला पाहिलं. ती थांबली. मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा निघता आलं नसतं. तिच्या शेजारून पुढे गेले. ती मागून चालत राहिली, माझ्याच चालीने. तिने हात पुढे केला नाही. आज मला वाटतं, त्या पहाटे तिला सगळ्यांत अवघड तेच गेलं असेल. उंबऱ्याशी मी पाठ फिरवून उभी राहिले आणि तिने किटली उतरवून घेतली. रांजणाच्या तोंडावर धडपा धरून पाणी गाळून ओतलं. शेवटी लिंबाचा डहाळा धडप्यावर आला. तो तिने बोटांनी उचलला, निथळू दिला आणि कोनाड्यात ठेवला. मग तांब्या बुडवून पाणी काढलं आणि तो माझ्या हातात दिला. मी तो सगळा प्याले. इतक्या दिवसांनी पोटभर प्याले.

मला धाप लागली होती. नेहमीच्या सवयीने मी भिंत धरून खाली टेकायला लागले. मायने माझ्याकडे नीट बघितलं आणि रिकामी किटली पुढे केली.

"बसू नको आता," ती म्हणाली. "टँकर जायच्या आत आनकी एक खेप कर."

बसू नको, असं मला तोवर कुणीही म्हटलं नव्हतं. मी किटली शिंक्यात घातली, पट्टे खांद्यावर घेतले आणि निघाले.